वारसा केवळ डोळसांचा नव्हे

(व्याख्यानाची संहिता)



पंढरपुरात दर्शनाचे दोन प्रकार आहेत. एक मुखदर्शन आणि दुसरे पदस्पर्शदर्शन. मुखदर्शनाचा वारकरी काही अंतरावरून विठ्ठलाचे रूप डोळ्यांत साठवतो आणि पुढे सरकतो. पदस्पर्शाच्या रांगेतला वारकरी तासन्‌तास तिष्ठत गाभाऱ्यापर्यंत पोहोचतो, विटेवरील समचरणांना हात लावतो, माथा टेकवतो आणि कृतार्थ होऊन बाहेर पडतो. 'दर्शन' हा शब्द पाहण्याच्या धातूपासून आला आहे, हे खरे. परंतु मराठी माणसाने स्पर्शालाही दर्शनच म्हटले आणि त्यामुळे जन्मांध वारकऱ्यालाही पंढरीत दर्शन घडते. त्याचे दर्शन डोळस वारकऱ्याच्या दर्शनाहून उणे आहे, असे वारकरी संप्रदायात कोणी मानीत नाही.

हाच वारकरी उद्या एखाद्या वस्तुसंग्रहालयात गेला, तर काय घडेल? दारातच त्याच्या स्वागताला पाटी असते : 'वस्तूंना हात लावू नये.' डोळस माणसाच्या दृष्टीने ही पाटी म्हणजे शिस्त. अंध माणसाच्या दृष्टीने मात्र ती प्रवेशबंदीच ठरते. विशेष म्हणजे, ती पाटी त्याला वाचताही येत नाही; सुरक्षारक्षकाच्या दटावणीतून ती त्याच्यापर्यंत पोहोचते. अनेक ठिकाणी अंध व्यक्तीला प्रवेशमूल्य माफ असते. परंतु आत गेल्यावर त्याच्या हाती काही लागत नाही आणि कानी काही पडत नाही. तिकीट माफ करून त्याच्यासाठी काहीच न ठेवणे, याला सोय म्हणता येणार नाही.

आजच्या विषयाचा गाभा हाच आहे. संग्रहालयातील वस्तू या राष्ट्राच्या पूर्वजांनी मागे ठेवलेला ठेवा होय. ठेव्याला वारस असतात आणि वारसाहक्क डोळ्यांच्या क्षमतेवरून ठरत नाही. २०११ च्या जनगणनेनुसार आपल्या देशात दृष्टिदोष असलेल्या व्यक्तींची संख्या ५० लाखांहून अधिक आहे. एवढ्या वारसांना आपण घरातील तिजोरीच्या खोलीबाहेर उभे केले आहे. त्यांना आत घेणे हा दयेचा प्रश्न नाही. तो वाटणीतल्या न्यायाचा प्रश्न आहे.

अंधत्व म्हणजे अज्ञान, ही समजूत आपल्या भूमीत पूर्वीच खोटी ठरली आहे. विदर्भातील संत गुलाबराव महाराज यांचा जन्म १८८१ सालचा. तान्ह्या वयातच त्यांची दृष्टी गेली. १९१५ मध्ये, उण्यापुऱ्या ३४ वर्षांच्या आयुष्यानंतर त्यांनी देह ठेवला, तेव्हा त्यांच्या नावावर शंभराहून अधिक लहानमोठे ग्रंथ होते. समाजाने त्यांना 'प्रज्ञाचक्षू' म्हटले. त्यांच्या अलौकिक स्मरणशक्तीचे कौतुक होते आणि ते योग्यच आहे. पण त्या कौतुकात एक गोष्ट सुटते. महाराजांना ग्रंथ वाचून दाखविणारी माणसे होती. ते सांगत, ते लिहून घेणारी माणसे होती. प्रज्ञा त्यांची होती. तिच्यापर्यंत ज्ञान पोहोचविण्याची व्यवस्था भोवतालच्या माणसांनी केली होती. आजच्या संग्रहालयांत नेमकी ही व्यवस्था उणी आहे.

ही कल्पना नवी नाही. इंग्लंडमधील संडरलँड या गावातील नगरसंग्रहालयाचे प्रमुख जे. ए. चार्लटन डीस यांनी १९१३ च्या सुमारास अंध मुलांना व प्रौढांना संग्रहालयात बोलावून वस्तू हाताळू दिल्या. पेंढा भरलेले प्राणी, पक्षी, शस्त्रे त्यांच्यापुढे मांडली. मुलांनी हातांनी पाहिलेल्या प्राण्यांच्या आकृती नंतर मातीत घडविल्या. आपल्याकडे दिवाळीत मुले अंगणात मातीचा किल्ला करतात. जे हातांनी जाणले, ते हातांनी पुन्हा घडविता आले म्हणजे ते खरोखर कळले, असे समजण्यास हरकत नाही.

पुढील शतकात या दिशेने पाश्चात्त्य देशांत बरेच काम झाले. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात १९९५ मध्ये शिल्पांच्या प्रतिकृतींचे स्पर्शदालन सुरू झाले. स्पेनमधील अंधांच्या राष्ट्रीय संघटनेने १९९२ मध्ये माद्रिदला स्वतःचे संग्रहालय उघडले. इटलीतील अँकोना शहरात १९९३ मध्ये 'ओमेरो' हे स्पर्शसंग्रहालय निघाले. महाकवी होमर अंध होता अशी परंपरा आहे. त्याचे इटालियन नाव या संग्रहालयाला दिले गेले. अल्डो ग्रासिनी आणि त्यांच्या पत्नी डॅनिएला बोटेगोनी या अंध दांपत्याला प्रवासाची आवड होती. परंतु ज्या शहरात जावे, तेथील संग्रहालयात 'हात लावू नका' हेच ऐकावे लागे. तेव्हा त्यांनी आपल्याच शहराच्या नगरपालिकेपुढे प्रस्ताव मांडला. नगरपालिकेने तो स्वीकारला आणि पुढे १९९९ मध्ये इटलीच्या संसदेने कायदा करून या संग्रहालयाला राष्ट्रीय दर्जा दिला. तेथे जगप्रसिद्ध शिल्पांच्या पूर्णाकृती प्रतिकृती आहेत. पार्थेनॉनसारख्या वास्तूंच्या लहान प्रतिकृतीही आहेत. हे संग्रहालय अंधांसाठी म्हणून निघाले. पण डोळस लोकही तेथे डोळ्यांवर पट्टी बांधून शिल्पे चाचपून पाहतात.

आपला देशही यात अगदीच मागे राहिलेला नाही. नवी दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयाने डिसेंबर २०१५ मध्ये युनेस्कोच्या सहकार्याने 'अनुभव' नावाचे स्पर्शदालन उघडले. संग्रहातील निवडक वस्तूंच्या २२ प्रतिकृती, त्यांच्यासोबत ब्रेल लिपीतील माहिती आणि ध्वनिमुद्रित निवेदन अशी त्याची रचना होती. त्याच महिन्यात 'सुगम्य भारत' अभियानही सुरू झाले. त्यापूर्वी २००७ मध्ये भारताने दिव्यांगांच्या अधिकारांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या कराराला मान्यता दिली होती. या कराराच्या तिसाव्या कलमात सांस्कृतिक जीवनातील सहभागाचा अधिकार सांगितला आहे. पुढे २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्याच्या २९ व्या कलमात कला दिव्यांगांना सुगम करण्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तर सुगम्यतेचे निकष केवळ शिफारशीच्या स्वरूपात ठेवणारा नियम रद्दबातल ठरविला आणि बंधनकारक नियम करण्याचा आदेश दिला.

म्हणजे कायदा आहे, न्यायालयाचा निर्णय आहे, दिल्लीतील उदाहरणही आहे. तरीही जिल्ह्याच्या ठिकाणचे लहान संग्रहालय जसेच्या तसे राहते, कारण तेथील मंडळींच्या मनात तीन शंका असतात. त्या प्रामाणिक आहेत. म्हणून त्यांची उत्तरेही प्रामाणिकपणे दिली पाहिजेत.

पहिली शंका अशी की, हात लागला तर वस्तू खराब होईल. ही भीती निराधार नाही. हाताच्या घामात क्षार असतात. त्यांनी तांबे, कांसे व लोखंड गंजते. कापड, कागद आणि रंगविलेले लाकूड तर स्पर्शाला मुळीच देता येत नाही. पंढरीच्या मूर्तीलाही चरणांची झीज रोखण्यासाठी वज्रलेप करावा लागला आहे आणि २०२४ मध्ये मंदिराच्या जतनकार्यासाठी पदस्पर्शदर्शन काही काळ बंदही ठेवावे लागले. परंतु त्या वेळी पदस्पर्शाची प्रथा कायमची मोडीत काढा, असा निष्कर्ष काढला गेला नाही. झीज होते म्हणून उपाय केला गेला आणि रांग पुन्हा सुरू झाली. संग्रहालयातही हाच विवेक हवा. जे नाजूक आहे, त्याची प्रतिकृती करावी. जे कणखर आहे, ते मूळ स्वरूपातच, हात स्वच्छ धुऊन, अंगठ्या व कडी काढून, जाणत्या व्यक्तीच्या उपस्थितीत हाताळू द्यावे. लंडनच्या ब्रिटिश म्युझियमने आपल्या इजिप्शियन दालनातील काही मूळ पाषाणशिल्पे अशा रीतीने अंधांच्या स्पर्शासाठी खुली केली आहेत.

महाराष्ट्रात अशा कणखर वस्तूंची वाण नाही. वीरगळांचेच उदाहरण घ्यावे. आपल्याकडील काळ्या पाषाणात कोरलेले वीरगळ शतकानुशतके ऊनपाऊस सोशीत गावोगाव उभे आहेत. अनेक संग्रहालयांच्या आवारातही ते मांडलेले असतात. वीरगळ खालून वर वाचावयाचा असतो. तळाच्या खणात धारातीर्थी पडलेला वीर. काही ठिकाणी शेजारी गायी, म्हणजे गोधन राखताना त्याला मरण आले. त्याच्यावरच्या खणात युद्धाचा प्रसंग. त्याहून वर त्याला स्वर्गाकडे नेणाऱ्या अप्सरा. सर्वांत वर शिवलिंगाची पूजा करणारा तोच वीर आणि माथ्यावर चंद्र-सूर्य, यावच्चंद्रदिवाकरौ कीर्तीची खूण म्हणून. ही सारी कथा उठावात कोरलेली आहे. बोटे तळापासून वर सरकू लागली आणि शेजारी कोणी दोन वाक्यांत खूण पटवून देऊ लागले, तर अंध मुलालाही हा दगड वाचता येईल. यासाठी वेगळे दालन, यंत्र किंवा अनुदान लागत नाही. एक जाणता माणूस आणि पंधरा मिनिटे पुरेत.

दुसरी शंका खर्चाची. मोठ्या दालनांना खर्च येतो, हे खरे. परंतु स्पर्शाच्या वस्तू सगळ्या मौल्यवानच असाव्या लागतात, असे कोठे आहे? पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाकडे पाहा. काकासाहेब केळकरांनी आयुष्यभर गावोगाव हिंडून दिवे, अडकित्ते, दौती, पेट्या, स्वयंपाकाची भांडी गोळा केली आणि सामान्य मराठी घराचा इतिहास उभा केला. या वस्तू मुळात हातांसाठीच घडविलेल्या होत्या. अडकित्त्याची मूठ, जात्याचा खुंटा, समईचा नागमोडी कंगोरा यांचे सौंदर्य हाताला अधिक कळते. अशा प्रकारच्या पण ऐतिहासिक मूल्य नसलेल्या वस्तू आजही जुन्या बाजारात मिळतात. कित्येक वाड्यांच्या माळ्यांवर धूळ खात पडलेल्या आहेत. त्या मागून आणून प्रत्येक संग्रहालयाने एक 'हाताळणी-पेटी' केली, तर खर्च नाममात्र येईल. प्रतिकृतींच्या बाबतीतही आता त्रिमितीय मोजणी आणि छपाईचे तंत्र आले आहे. मूळ वस्तूला साचा न लावता तिची हुबेहूब प्रत काढता येते.

येथे एक उदाहरण मुद्दाम सांगावेसे आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे जुलै २०२४ मध्ये साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात प्रदर्शित झाली, तेव्हा महाराष्ट्रभर उत्साह पसरला. मूळ वाघनखे काचेत राहणार, हे उघडच आहे. परंतु वाघनखे हे शस्त्रच मुळी मुठीत दडविण्याचे. त्याच्या अंगठ्या बोटांत कशा बसतात, नखे तळहाताच्या आत कशी लपतात, मूठ उघडल्यावर ती कशी बाहेर येतात, हे काचेपलीकडून पाहणाऱ्या डोळस माणसालाही पुरते उमगत नाही. धार बोथट केलेली प्रतिकृती हातात आली की प्रतापगडाचा प्रसंग क्षणात कळतो. अशा प्रत्येक काचकपाटाशेजारी एक प्रतिकृती ठेवली, तर लाभ सर्वांचाच होईल.

तिसरी शंका अशी की, अंध प्रेक्षक येतातच किती? ज्या दुकानात आपल्या उपयोगाचे काही नाही, तेथे गिऱ्हाईक जात नाही. यावरून गिऱ्हाईकच अस्तित्वात नाही, असे ठरत नाही. शिवाय येथे केवळ पूर्ण अंधांचा विचार नाही. अल्पदृष्टीची माणसे, मोतीबिंदू, काचबिंदू वा मधुमेहाने नजर अधू झालेले आपले आईवडील हेही याच रांगेत उभे आहेत. त्यांच्यासाठी तर स्पर्शाचीही गरज नसते. माहितीफलकावरील अक्षर मोठे असावे, गडद पाटीवर फिकट किंवा फिकट पाटीवर गडद असावे, काचेवर दिव्याची तिरीप पडू नये, पायऱ्यांच्या कडा ठळक रंगाने रेखाव्यात, एवढ्याने त्यांचे संग्रहालय त्यांना परत मिळेल.

आता काम कसे करावे, याविषयी थोडे. डोळा आधी संपूर्ण आकृती पाहतो आणि मग तपशिलाकडे वळतो. हात याच्या उलट चालतो. तो एकेक भाग जाणतो आणि मनात संपूर्ण आकृती जुळवितो. त्याला वेळ लागतो. म्हणून अंध प्रेक्षकांना तासाभरात शंभर वस्तूंपुढून फिरविण्यात अर्थ नाही. सहा-आठ निवडक वस्तू नीट हाताळू देणे श्रेयस्कर. निवेदनाचीही एक रीत आहे. आधी वस्तू केवढी, कशाची, कोणत्या स्थितीत आहे हे सांगावे आणि मग तपशील. मोहेंजोदडोची कांस्य नर्तकी पाठ्यपुस्तकातून सर्वांना परिचित आहे. पण ती जेमतेम साडेदहा सेंटीमीटर उंचीची आहे, हे कितीजणांना ठाऊक असते? प्रतिकृती तळहातावर ठेवताच अंध मुलाला ते प्रथम कळेल. मग कमरेवरचा उजवा हात आणि बांगड्यांनी भरलेला डावा हात. रंगही वगळू नयेत. मोठेपणी दृष्टी गेलेल्यांना रंग आठवत असतात आणि जन्मांधालाही भगवा, हिरवा, सावळा हे शब्द भाषेतून परिचित असतातच.

चित्रांचे काम अधिक अवघड आहे. चित्र सपाट असते. ते उठावात आणताना एकावर एक आलेल्या आकृती सुट्या कराव्या लागतात, तपशील कमी करावे लागतात. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयाने २०१५ मध्ये सहा प्रसिद्ध चित्रांच्या उठावातील रंगीत प्रती करून त्या स्पर्शासाठी मांडल्या होत्या. वास्तू आणि किल्ले यांच्या बाबतीत मात्र लहान प्रतिकृतीसारखे साधन नाही. मराठ्यांच्या १२ किल्ल्यांचा समावेश जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत झाला. त्यात राजगडही आहे. मधोमध उंच बालेकिल्ला आणि तीन दिशांना पसरलेल्या पद्मावती, सुवेळा व संजीवनी या माच्या, ही रचना पायी गड चढणाऱ्यालाही एका दृष्टिक्षेपात दिसत नाही. ती तळहाताखाली मात्र मावते. प्रत्येक गडाच्या पायथ्याशी किंवा माहिती केंद्रात असा एक भक्कम उठावनकाशा असावा, ही मागणी आता करावयास हवी.

ब्रेलविषयी एक स्पष्टीकरण आवश्यक आहे. भारतीय भाषांसाठी १९५१ पासून भारती ब्रेल ही समान पद्धती आहे. मराठी, तमिळ, बंगाली यांच्या लिप्या डोळ्यांना निरनिराळ्या दिसतात. पण बोटांखाली 'क' सर्वत्र एकच असतो. भाषिक ऐक्याचे याहून सुंदर उदाहरण क्वचित सापडेल. परंतु सर्वच अंध व्यक्ती ब्रेल वाचतात असे नाही, विशेषतः उतारवयात दृष्टी गमावलेले. म्हणून ब्रेलच्या जोडीला ध्वनिमुद्रण हवेच. ब्रेलची पाटीही उभ्या भिंतीवर उंच ठोकून चालत नाही. ती कमरेच्या उंचीवर, किंचित कलती असावी आणि नेहमी ठरल्या जागी सापडावी.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे हे सारे ठरविताना अंध व्यक्ती सल्लागार म्हणून सोबत असल्या पाहिजेत. अँकोनाचे संग्रहालय घडले ते दोन अंध व्यक्तींनी मागणी केली म्हणून. डोळस माणसांनी आपापल्या कल्पनेने केलेल्या सोयी पुष्कळदा निरुपयोगी ठरतात. प्रतिकृती तयार झाली की आधी ती अंध विद्यार्थ्याच्या हाती द्यावी आणि त्याला काय कळले, ते विचारावे. त्याला कळले नाही, तर दोष प्रतिकृतीचा मानावा.

बंधूंनो आणि भगिनींनो, शासनाने करावयाचे ते शासनाने करावेच आणि त्यासाठी आग्रहही धरला पाहिजे. पण समाजाच्या हातचेही बरेच आहे. आपल्या महाराष्ट्रात अंधशिक्षणाची परंपरा शतकाहून जुनी आहे; गावोगाव अंधशाळा आहेत आणि गावोगाव लहानमोठी संग्रहालयेही आहेत. या दोहोंची गाठ घालून देणारा दुवा तेवढा नाही. तो दुवा येथे बसलेल्यांपैकी कोणीही होऊ शकेल. ज्यांचा आवाज चांगला आहे, त्यांनी निवेदने ध्वनिमुद्रित करावीत. मूर्तिकारांनी आणि कला महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनी मातीच्या प्रतिकृती कराव्यात. निवृत्त शिक्षकांनी महिन्यातील एक सकाळ अंधशाळेच्या मुलांसाठी राखून ठेवावी. संग्रहालयाच्या अभिरक्षकांना भेटून किमान पाच वस्तू स्पर्शासाठी निश्चित करून घ्याव्यात आणि दारावरच्या रक्षकाला त्याची कल्पना देऊन ठेवावी. कारण दटावणारा आवाजही तोच असतो आणि स्वागत करणाराही तोच होऊ शकतो.

दरवर्षी १८ मे हा आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन असतो. येत्या १८ मे रोजी आपापल्या गावातील संग्रहालयात दहा अंध मुलांना घेऊन जाण्याचा संकल्प येथून उठण्यापूर्वी करावा. त्यासाठी परवानगीचे पत्र आजच लिहावे लागेल, वस्तू निवडाव्या लागतील, दोन-तीन बैठका घ्याव्या लागतील. त्या दिवशी एखाद्या मुलाची बोटे वीरगळाच्या तळाशी निपचित पडलेल्या योद्ध्यापासून माथ्यावरच्या चंद्र-सूर्यापर्यंत पोहोचली, तर त्याच्या वाटणीचा वारसा त्याला पोहोचता झाला, असे म्हणता येईल. तोवर ती वाटणी आपल्याकडे ठेव म्हणून आहे, आणि ठेव परत करावयाची असते.